कल्पित वाळवंटी शहराची कॉपीराइट नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

वाळवंटातले एक शहर घ्या, नाव खारवण. समुद्रापलीकडच्या राजवटीने ते जिंकून दीडशे वर्षे झाली. शहरातल्या बाराही विहिरी मूळ घराण्यांच्या सामाईक होत्या, पाणी घटिकेच्या मापाने वाटले जाई. नव्या राजवटीने हे हिस्से वहीत उतरवले, त्यांवर पट्टी बसवली आणि वेशीवर येणाऱ्या प्रत्येक उंटतांड्याला परवाना सक्तीचा केला. गोव्यातल्या वाचकाला यात आपली गावकरी, म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक व्यवस्था दिसेल, १५२६ चा पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाचा फोराल, म्हणजे गावांच्या रिवाजांची सनद दिसेल, पोर्तुगीजांनी जहाजांवर लादलेला कार्ताझ हा परवानाही दिसेल.

असे जग मेहनतीने उभे केल्यावर ते आपल्या नावावर नोंदवावेसे वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. पण नोंद होते ती मांडणीची, म्हणजे लिहिलेल्या मजकुराची आणि काढलेल्या नकाशाची. ‘पाण्यावर कर असलेले वसाहतीतले वाळवंटी शहर’ ही कल्पना कोणाच्याच नावावर होत नाही. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच हे स्पष्ट केले आहे. शहराच्या नुसत्या नावावरही कॉपीराइट मिळत नाही. शीर्षकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तेच सांगितले.

म्हणून अर्जाआधी शहराच्या माहितीची वही भरलेली हवी. ‘खारवणात पाणी घटिकांनी मोजतात’ या एका ओळीला संरक्षण जवळजवळ नाही. पण त्या राजवटीचा तुम्ही स्वतः रचलेला फोराल, त्यातली कलमे, बारा विहिरींच्या हिश्शांचा तक्ता, कोणत्या घराण्याला उन्हाळ्यात किती घटिका आणि पट्टी थकली तर काय, हे सगळे शब्दांत उतरले की ती साहित्यकृती होते. कायद्याच्या व्याख्येत तक्ते आणि संकलनेही साहित्यकृतीत मोडतात. तपशील जितका तुमचा, तितकी नोंद भक्कम.

इतिहासातून घेतलेले मात्र इतिहासाचेच राहते. १५२६ चा मूळ फोराल कोणीही वापरावा. त्याचा अलीकडचा अनुवाद मात्र अनुवादकाचा असतो आणि त्याचा हक्क अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अशा अनुवादातले परिच्छेद जसेच्या तसे वहीत चिकटवण्याची चूक फार होते. नकाशाचेही तसेच. डच प्रवासी लिन्शोटेनच्या १५९६ च्या ग्रंथातला जुन्या गोव्याचा नकाशा समोर ठेवून खारवणचे रस्ते आखायला हरकत नाही, पण आजच्या एखाद्या पर्यटन नकाशावर कागद ठेवून रेघा गिरवल्या तर ती नक्कल ठरू शकते.

एका अर्जात एकच कृती

कॉपीराइट नियम २०१३ नुसार प्रत्येक अर्ज एकाच कृतीपुरता असतो. शहराची माहितीवही ही साहित्यकृती. नकाशा ही कलाकृती, कारण कायद्याने रेखाचित्रात नकाशाही धरला आहे. म्हणजे दोन अर्ज आणि दोन शुल्के. साहित्यकृती किंवा कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. कृती एखाद्या वस्तूवर वापरली जाणार असेल किंवा तशी वापरता येण्याजोगी असेल तर २००० रुपये. खारवणचा नकाशा खेळाच्या पटावर किंवा टी-शर्टवर छापून विकायचा असेल तर हा दुसरा दर लागतो. शिवाय तशाच चिन्हाची ट्रेडमार्क नोंद झालेली नाही, असे ट्रेडमार्क निबंधकाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते टीएम-सी फॉर्मवर मागायचे. त्यासाठी गोवा मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतो. हे प्रमाणपत्र हाती आल्यावरच कॉपीराइटचा अर्ज भरावा, नाहीतर अर्ज अडकून पडतो.

गोव्यातल्या चित्रकारांनी इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. खारवणच्या राजवाड्यासाठी निळ्या-पांढऱ्या फरशांचे नक्षीकाम केले आणि पुढे त्याच नक्षीच्या खऱ्या आझुलेजू फरशा विकायला काढल्या, तर हे डिझाइन कायद्याचे प्रकरण होते. डिझाइन नोंदवण्याजोगे असून नोंदवले नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कोणी औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त नग काढले, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार त्यावरचा कॉपीराइट संपतो. एकावन्नावी फरशी भाजण्याआधी निर्णय घ्यावा.

अर्ज कोणी करावा

लेखक, प्रकाशक, हक्काचा मालक किंवा त्या हक्कात हितसंबंध असलेली व्यक्ती अर्ज करू शकते. कृती अप्रकाशित असेल तर लिहितेवेळी लेखक भारताचा नागरिक किंवा इथला कायम रहिवासी असावा लागतो. ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे त्यांनी घाबरू नये. पोर्तुगाल बर्न करारातला, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातला देश आहे आणि १९९९ च्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेशाने अशा देशांतल्या कृतींना इथे संरक्षण दिले आहे. फक्त राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात खरे तेच लिहावे. सवयीने ‘भारतीय’ लिहिले की पुढे कागद जुळत नाहीत.

खरा गुंता चित्रकाराचा असतो. समजा मजकूर तुमचा आणि नकाशा मित्राने काढला. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, दिशादर्शक बाणाखाली, त्याची बारीक सही आहे. तुम्ही अर्जात लेखक म्हणून (कायद्यात चित्रकारालाही लेखकच म्हणतात) स्वतःचे नाव टाकले आणि सोबत तीच सहीची प्रत जोडली, तर तपासणीत पहिला आक्षेप तिथेच येणार. पैसे देऊन काढून घेतला म्हणून नकाशा आपला झाला, असे गृहीत धरू नका. मोबदला देऊन करवून घेतलेल्या छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, खोदचित्र आणि चित्रपटाबाबत कायद्यात तशी तरतूद आहे. रेखाटलेला नकाशा त्यात बसतो का, यावर भांडण होऊ शकते. लेखी हस्तांतरण करून घेणे हाच सुरक्षित मार्ग.

त्या करारात कोणती कृती, कोणते हक्क, किती मोबदला, किती काळ आणि कोणता प्रदेश, हे सगळे लिहावे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही तरी तो परत जातो, करारात वेगळे ठरले असेल तरच टिकतो. दोस्तीत कागद कसला, असे म्हणून हे टाळले जाते आणि पुस्तक चालायला लागल्यावर दोस्तीच तुटते. कागद आधी करा.

कागदपत्रे आणि फॉर्म

स्वतःच्या अप्रकाशित वहीसाठी फारसे काही लागत नाही: कृतीच्या प्रती (नियमाने दोन, ऑनलाइन अर्जात पीडीएफ), सहीचे स्कॅन आणि शुल्क. नकाशाचा लेखक वेगळा असेल तर त्याचे सही केलेले ना हरकत पत्र आणि हस्तांतरणाचा करार. वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र. कृती प्रकाशित असेल आणि प्रकाशक वेगळा असेल तर प्रकाशकाचेही ना हरकत पत्र.

‘प्रकाशित’ म्हणजे काय, यावर बरेच जण चुकतात. दिवाळी अंकात आलेली कथा प्रकाशित, हे सगळ्यांना कळते. पण खारवणची प्रकरणे ब्लॉगवर टाकली असतील तर तीही प्रकाशितच, कारण लोकांपर्यंत पोचवणे हेच कायद्याने प्रकाशन मानले आहे. अशा वेळी पहिल्या प्रकाशनाचे वर्ष आणि देश भरावा.

अर्ज कॉपीराइट डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर होतो, दिल्लीला जावे लागत नाही. खाते उघडून फॉर्म चौदा भरायचा, मग कृतीच्या तपशिलाचे विवरणपत्र, मग पुढील तपशिलाचे विवरणपत्र. या दुसऱ्या विवरणपत्रात कृती मूळ आहे, अनुवाद आहे की रूपांतर, हे सांगायचे असते. जुन्या फोरालच्या धाटणीवर स्वतः लिहिलेला फोराल मूळ कृती होतो, तर कोणाच्या कादंबरीवरून रचलेले शहर रूपांतर होते आणि त्याला मूळ हक्कदाराची परवानगी हवी. भाषेच्या रकान्यात मराठी लिहावे. शीर्षक रोमन लिपीत लिहाल तर एकच स्पेलिंग ठरवा आणि फॉर्म, पीडीएफचे पहिले पान, ना हरकत पत्र या तिन्ही ठिकाणी तेच ठेवा. एका जादा ‘ए’मुळेसुद्धा त्रुटीचे पत्र येऊ शकते.

पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढचा सगळा माग त्यावरच लागतो. त्या कृतीवर हक्क सांगणारे कोणी असतील तर त्यांना अर्जाची सूचना अर्जदारानेच द्यायची असते, आणि हरकतीसाठी ३० दिवस ठेवलेले आहेत. हरकत आली नाही तर तपासणी होते. त्रुटी निघाली तर पत्र येते; त्यातल्या मुदतीत उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते. म्हणून खात्याला जोडलेला ईमेल रोज उघडला जाणारा असावा.

नोंदणी सक्तीची नाही. कृती लिहिली त्याच क्षणी हक्क जन्मतो. नोंदणीचा उपयोग पुराव्याला होतो, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम ४८ नुसार नोंदवहीतला तपशील प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. कोणी खारवण उचलले तर दावा आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, म्हणजे फोंड्याच्या लेखकाला मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही.

प्रमाणपत्र मिळते ते अर्जासोबत जोडलेल्या प्रतीपुरते. पुढच्या वर्षी खारवणात तेरावी विहीर सापडली, तिच्याभोवती नवी पेठ उभी राहिली आणि वही दुप्पट झाली, तर नव्या भागासाठी नवा अर्ज करावा लागतो. फॉर्म पंधरा फक्त नोंदीतले तपशील बदलण्यासाठी आहे. त्यात नवी प्रकरणे घालता येत नाहीत.