पाल चुकचुकली म्हणजे बोललेलं खरं होतं का?

"बोलताना पाल चुकचुकली की ते खरं होतं, नाहीतर काहीतरी वाईट घडतं" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. माझी आजी तर लगेच जमिनीवर बोटं टेकवून कृष्ण कृष्ण म्हणायची, आणि मीपण म्हणायचो.

पण पाल आपल्याशी बोलतच नसते, ती दुसऱ्या पालीशी बोलत असते. बागेतला सरडा जवळपास मुकाच, पण घरातल्या पालीला आवाज आहे आणि ते चुक्‌ चुक्‌ चुक्‌ बहुतेकदा नराचं असतं, "ही भिंत माझी" असं दुसऱ्या नराला सांगायला नाहीतर मादीला बोलवायला. आता ती बाहेर येते रात्री, ट्यूबलाइटपाशी किडे खायला, आणि आपल्या गप्पापण तेव्हाच रंगतात, मग कधीतरी टायमिंग जुळणारच ना. जुळलेलं लक्षात राहतं, बाकीचं कोण मोजतंय!

मी मोजलं. ऐरोलीला आमच्या गॅलरीत आठ दिवस वहीत लिहिलं, पाल कधी चुकचुकली, कोण काय बोलत होतं. बऱ्याचदा तर कोणी बोलतच नव्हतं, फक्त मिक्सर चालू होता. आणि एकदा आवाज झाला तेव्हा मीटरच्या बॉक्समागून दुसरी पाल डोकावत होती, पुढच्या मिनिटाला पहिलीने तिला पार खिडकीपर्यंत पळवलं.