शर्यतीच्या घोड्यातील श्रमजन्य रक्तबदल

निवांत उभ्या थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३० ते ४० पडतात. भरधाव सुटल्यावर ते २२० च्या घरात जातात. रक्त त्याहून जास्त पालटते, आणि सुरुवात होते पाणथरीपासून, म्हणजे प्लीहेपासून. एरवी तांबड्या पेशींचा मोठा साठा तिच्यात पडून असतो. ॲड्रेनलिन हे संप्रेरक उसळले की ती आकसते, साठा रक्तात उतरतो आणि रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा सुमारे ४० टक्क्यांवरून ६० ते ७० टक्क्यांवर चढतो. बिचकलेल्या घोड्यातही हे थोड्याफार प्रमाणात होते. म्हणून रक्ताचा नमुना घोडा शांत असतानाच घ्यावा, नाहीतर पंडुरोग झाकला जातो.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची १२०० मीटरची शर्यत जेमतेम ७० सेकंदांची. तेवढ्यात फुप्फुसे आणि हृदय पुरवतील त्या प्राणवायूवर भागत नाही. स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे त्यांच्यातली साठवलेली साखर, फोडतात आणि त्यातून तयार होणारे लॅक्टेट रक्तात लिटरला १ मिलिमोलच्या आसपास असते ते २० ते ३० पर्यंत पोचते. रक्ताचा सामू (pH, आम्लतेचे माप; आम्लता वाढली की तो उतरतो) ७.४ वरून ७.१ पर्यंत उतरतो. स्नायूंतून पोटॅशियम रक्तात झिरपते, पण थांबताच काही मिनिटांत परतते. लॅक्टेटला टाकाऊ समजणे चूक आहे. हृदय ते जाळते, यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवते. घोडा हलता राहिला तर ते लवकर ओसरते, त्यामुळे शर्यतीनंतर सईस त्याला फिरवत राहतो ते योग्यच. ग्लायकोजेन भरून यायला मात्र दोन-तीन दिवस लागतात.

१६० किलोमीटरच्या सहनशक्तीच्या दौडीत चित्र उलटे होते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना जास्त खारट असतो. त्यातल्या लॅथरिन या प्रथिनामुळे लगामाखाली आणि मांड्यांमध्ये पांढरा फेस धरतो. तासाला १० लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो. त्याबरोबर क्लोराइड जाते आणि रक्त आम्लधर्मी न होता अल्कधर्मी होते. कॅल्शियम, पोटॅशियम घटून छातीच्या पडद्याची नस इतकी हळवी होते की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पडदा आचका देतो. घोड्याची कूस ठोक्याठोक्याला उडताना उघड दिसते, आणि तो घोडा त्याच क्षणी दौडीतून काढायला हवा.

छोट्या शर्यतीआधी आम्ल मारण्यासाठी घोड्याला नळीने खाण्याचा सोडा पाजणे हा निषिद्ध प्रकार आहे. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजून तो पकडतात. लांब दौडीच्या घोड्याला तोच सोडा थेट अपाय करतो. त्याला साधे मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि भरपूर पाणी द्यावे लागते.