नारव्हालचा सुळा बर्फ फोडण्यासाठी नसतो

आर्क्टिक समुद्रातला नारव्हाल हा देवमासा आपल्या लांब 'शिंगा'ने बर्फ फोडतो, मासे भोसकतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

मुळात ते शिंगच नव्हे. तो वरच्या जबड्यातला डावा सुळा आहे. ओठ भेदून बाहेर येतो, डावीकडे पीळ घेत वाढतो आणि कधीकधी ३ मीटरच्या आसपास पोचतो. मध्ययुगीन युरोपात हाच सुळा एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून सोन्याच्या भावाने विकला जाई.

आता मासे भोसकण्याचं बघा. टोकाला अडकलेला मासा दोन-अडीच मीटर मागे असलेल्या तोंडात जाणार कसा? नारव्हाल भक्ष्य चक्क ओढून घेऊन अख्खं गिळतो. २०१७ मध्ये कॅनडातल्या नुनावुतमधलं ड्रोनचित्रण समोर आलं. त्यात नारव्हाल सुळ्याचा फटका मारून कॉड मासे बधिर करताना दिसतात. भोसकणं नाहीच!

बर्फाचं म्हणाल, तर बहुतेक माद्यांना हा सुळा नसतोच, आणि त्याही त्याच बर्फाळ पाण्यात व्यवस्थित जगतात. म्हणजे जगण्यासाठी तो अत्यावश्यक नाही. मोराच्या पिसाऱ्यासारखा तो प्रामुख्याने नराचा डौल असावा, हेच मला सर्वांत पटतं. सुळ्याच्या आत मज्जातंतू आहेत आणि बाहेरच्या थरात सूक्ष्म छिद्रं. पाण्यातला खारटपणा बदलला की नारव्हालच्या हृदयाचे ठोके बदलतात, असं प्रयोगात आढळलं आहे. अशा संवेदनशील दाताने बर्फावर घाव घालणं त्याला कसं परवडेल?