जुन्या एमजीबीचा गंज आणि त्यामागचे रसायन

१९६२ साली इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ‘एमजीबी’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार बाहेर पडू लागली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये तो कारखाना बंद होईपर्यंत तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी उभी करून ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद ब्रिटनमध्ये जुना आहे, आणि त्या छंदात या गाडीला मोठे मानाचे स्थान आहे. तिचे १७९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आहे, दोन एसयू कार्ब्युरेटर कोणालाही उघडून साफ करता येतात, आणि सुटे भाग आजही सहज मिळतात. त्यामुळे नवशिक्या मालकाचे सगळे लक्ष बॉनेटखाली जाते. माझ्या मते तेथेच त्याचे गणित चुकते, कारण या गाडीचे आयुष्य इंजिनावर नव्हे, तर पत्र्यावर ठरते.

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला खाली स्वतंत्र चॅसी, म्हणजे भार पेलणारी चौकट, होती. पत्रा कुजला तरी चॅसी शाबूत असेपर्यंत गाडीचा आकार टिकून राहत असे. एमजीबीत ही चॅसी काढून टाकण्यात आली आणि पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून उभा केलेला सांगाडाच सगळा भार पेलू लागला. झाकण कापून टाकलेले पुठ्ठ्याचे खोके जसे हातात घेताच पिळवटते, तसे छत नसलेल्या गाडीच्या सांगाड्याचे होते. छताने पेलायचा भार दुसऱ्या कशाने तरी पेलावा लागतो. एमजीबीत ते काम बहुतांशी दाराखालून पुढच्या चाकाच्या मागपासून मागच्या चाकाच्या पुढपर्यंत जाणारी पोकळ पेटी करते, जिला कारागीर सिल म्हणतात. ती बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोहोंच्या मध्ये उभा असलेला तिसरा पत्रा अशी बनलेली आहे. बाहेरून दिसतो तो फक्त पहिला पत्रा. मधला पत्रा बघायचा असेल तर बाहेरचा कापावाच लागतो, आणि गाडीचा घात बहुतेक वेळा या मधल्या पत्र्यापासून सुरू होतो.

असे का होते, हे समजण्यासाठी केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक एव्हान्स यांचा एक प्रयोग पाहणे उपयोगी ठरेल. १९२० च्या दशकात त्यांनी घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाच्या आडव्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्या पाण्यात दोन दर्शक द्रव्ये मिसळलेली होती: विरघळलेले लोह भेटले की निळे होणारे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पाणी अल्कधर्मी झाले की गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिन. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग उमटतो, कडेला गुलाबी वलय दिसते आणि या दोहोंच्या मधोमध तपकिरी गंजाची कडी तयार होते. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्यामुळे तेथे हवेतला ऑक्सिजन लवकर पोहोचतो. मध्यभागी तो कमी पोहोचतो. लोखंड विरघळते ते मात्र मध्यभागी, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेल्या जागी. तेथे सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत कडेपर्यंत जातात, तेथे ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात व हायड्रॉक्साइडचे आयन तयार होतात. हे आयन आणि विरघळलेले लोह जेथे एकमेकांना भेटतात, तेथे गंज साचतो. म्हणजे एकाच पत्र्यावर, एकाच थेंबाखाली, दोन ध्रुव असलेली एक चिमुकली बॅटरी चालू असते.

या प्रयोगाचा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलट आहे. उघड्या, वारा लागणाऱ्या जागी लोखंड अधिक झिजेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दोन पत्रे एकमेकांवर चिकटून बसलेल्या फटीत, चिखलाच्या लगद्याखाली, रबरी पट्टीच्या आड, म्हणजे ओल टिकते पण हवा नीट पोहोचत नाही अशा ठिकाणी ते जास्त वेगाने खाल्ले जाते. सिलच्या तिन्ही पत्र्यांचे काठ खालच्या बाजूला एकत्र आणून स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. त्या सांध्यात केशाकर्षणाने पाणी वर चढते आणि सहजासहजी वाळत नाही. पाणी निघून जावे म्हणून तळाला भोके ठेवलेली आहेत, पण पुढच्या मडगार्डमधून आत आलेली माती आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढवलेला डांबरी लेप यांनी ती बुजतात.

यात भर पडते ती मिठाची. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून ब्रिटनमध्ये खनिज मीठ टाकतात. त्यातले पुष्कळसे चेशर परगण्यातील विन्सफर्डच्या भूमिगत खाणीतून येते. मिठामुळे पाण्याची वीजवाहकता वाढते आणि वर वर्णन केलेल्या बॅटरीचा अडथळा कमी होतो. क्लोराइडचा दुसरा गुण जास्त वाईट आहे. गंजाच्या खळग्यात त्याची लोहाशी गाठ पडली की लोहाचे क्लोराइड बनते, त्याची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी लोखंड विरघळवते आणि क्लोराइड पुन्हा मोकळे राहते. म्हणून वरवरचा गंज घासून रंग दिला तरी खळग्याच्या तळाशी राहिलेले मीठ त्या रंगाखाली काम चालू ठेवते. मुंबईत किंवा कोकणात समुद्राजवळ गाडी ठेवणाऱ्यांनाही याच क्लोराइडचा त्रास होतो. तेथे ते रस्त्यावरून न येता खाऱ्या वाऱ्यातून येते, एवढाच फरक.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. साध्या ऑक्साइडचे आकारमान सुमारे दुप्पट भरते, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या प्रकारांत ते याहून बरेच वाढते. त्यामुळे सांध्यात साचणारा गंज दोन पत्र्यांना पाचरीसारखा अलग करतो, स्पॉट वेल्डच्या ठिपक्यांमध्ये काठ फुगतो आणि नव्या फटीत आणखी पाणी शिरते. बाहेरच्या रंगावर जेव्हा मसुराएवढे फोड दिसू लागतात, तेव्हा गंज आतून बाहेर आलेला असतो.

जुनी गाडी विकत घेताना म्हणूनच डोळ्यांपेक्षा बोटांवर आणि लोहचुंबकावर भरवसा ठेवावा. पातळ कापडात गुंडाळलेला लहानसा चुंबक दाराखालच्या पत्र्यावरून हळूहळू सरकवत न्यावा. पत्रा खरा असेल तर तो खेचला जाताना जाणवतो. मध्येच पकड सुटून चुंबक नुसताच घरंगळला, तर तेथे लोखंडावर लांबीचा, म्हणजे खळगे भरायच्या लगद्याचा, जाड थर आहे असे समजावे. बोटाच्या पेराने टिचकी मारली तर चांगला पत्रा खणखणतो आणि लांबी भरलेली जागा बद्द वाजते. पॉलिस्टरची लांबी थोडी का होईना ओल शोषते, त्यामुळे गंजक्या भोकावर तिचे ठिगळ लावणे म्हणजे ओल धरून ठेवायची सोय करणे होय. यानंतर गाडी सिलच्या मागेपुढे जॅकने किंचित उचलून दाराच्या कडेची फट पाहावी. ती वर अरुंद आणि खाली रुंद होऊ लागली, किंवा दार बसेनासे झाले, तर सांगाडा वाकतो आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात फार बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे हे पाहण्याची जबाबदारी पूर्णपणे मालकावर येते.

सिल कापण्याचा क्षण हा सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा असतो. पेटी कापताच त्या बाजूचा आधार जातो आणि सांगाडा स्वतःच्या वजनाने मध्यभागी खचू शकतो; तशा अवस्थेत नवा पत्रा जोडला, तर वाकलेपणा कायमचा वेल्ड होऊन बसतो. म्हणून आधी गाडी समतल करून भक्कम टेकूंवर ठेवतात, दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी नळी जोडून ती ताठ करतात आणि एका वेळी एकच बाजू उघडतात. दार मध्येमध्ये लावून फटी तपासणे कंटाळवाणे असते, पण त्याला पर्याय नाही.

वेल्डिंगच्या उष्णतेचेही एक साधे गणित आहे. पोलाद तापमानाच्या प्रत्येक अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग एवढे वाढते. ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी सरासरी ५०० अंशांनी तापली, तर ती जवळजवळ १.८ मिलिमीटर वाढू पाहते. भोवतालचा थंड पत्रा तिला वाढू देत नाही, म्हणून तापलेला मऊ भाग दबून जाड होतो आणि निवताना आखडतो. मग सपाट पत्र्यावर लाटा उमटतात. मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असल्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड ओढण्याचा मोह टाळावा लागतो. जाणकार मिगची (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या विजेच्या वेल्डिंगची) ०.६ मिलिमीटरची तार वापरून एक टाका इथे, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मध्यावर असे लहान टाके घालत जातात आणि प्रत्येक टाका हात लावण्याइतका निवू देतात. याच ठिकाणी एक इशारा द्यायला हवा: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला पत्रा वेल्ड करू नये, कारण उष्णता आणि अतिनील किरणांमुळे त्याच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पेट्रोलची टाकी तर रिकामी असली तरी घरी वेल्ड करू नये.

जे सुटे भाग काढून टबात बुडवता येतात, त्यांच्यासाठी विद्युत अपघटनासारखा सोपा उपाय नाही. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या टाकाऊ तुकड्याला जोडतात. गंजण्याच्या क्रियेत लोखंडाने इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. येथे ते बाहेरून पुरवले जातात. तांबड्या गंजाचा काही भाग काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो, भागावर सुटणारे हायड्रोजनचे बुडबुडे पापुद्रे उचलतात आणि खालचे चांगले लोखंड खाल्ले जात नाही. टोके उलटी जोडली, तर मात्र आपला मौल्यवान भागच विरघळू लागतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने हे काम उघड्यावर करावे, आणि कडक केलेल्या स्प्रिंगा किंवा उच्च ताकदीचे बोल्ट या टबात टाकू नयेत. हायड्रोजन पोलादात शिरून त्यांना ठिसूळ करू शकतो.

वीज नको असेल त्यांच्यासाठी साखर कारखान्याची मळी आहे, हे आपल्याकडच्या वाचकांना गमतीचे वाटेल. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा द्रावात गंजलेले भाग काही आठवडे बुडवून ठेवण्याची पद्धत जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांत रूढ आहे. मळीतील सेंद्रिय द्रव्ये लोहाच्या आयनांना धरून द्रावात ओढतात. वास असह्य येतो आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात खराब होतात, पण ओतीव लोखंडाचे ब्रेक ड्रम त्यातून छान निघतात.

सांगाड्याच्या ज्या कोपऱ्यांत घासणारी चकती पोहोचत नाही, तेथे टॅनिक आम्ल असलेले गंज-परिवर्तक लावतात. टॅनिन आणि लोह यांचे निळसर काळे, न विरघळणारे संयुग बनते. सह्याद्रीतल्या हिरड्यातील टॅनिन आणि लोहाचे क्षार एकत्र आणून काळा रंग करतात, ते हेच रसायन. फॉस्फोरिक आम्ल याच कामासाठी लोहाचा फॉस्फेट बनवते. दोन्ही उपाय पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर चालतात. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ओतले, तर वरचा थर काळा होतो आणि तळ तसाच राहतो.

घासून झालेल्या पत्र्यावर जस्ताची भुकटी असलेला प्रायमर देण्यामागचे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी मांडले होते. जहाजाच्या तांब्याच्या आवरणाला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, तर ते तुकडे झिजतात आणि तांबे वाचते. जस्त लोखंडापेक्षाही अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून रंगाला ओरखडा गेला तरी आधी जस्त जाते. नव्या सिलच्या आतल्या बाजूंना हा प्रायमर जोडणीपूर्वीच द्यावा लागतो. वेल्डच्या जागी तो जळून जातो (त्या पांढऱ्या धुराने ताप येतो, म्हणून मुखवटा हवाच). जळालेल्या जागेपर्यंत ब्रश नेता येत नाही, आणि म्हणूनच रंगकाम आटोपल्यावर पोकळीत पातळ मेणाचा फवारा मारतात. लांब, लवचिक नळी तळाच्या भोकातून आत घालून ती मागे ओढत फवारले, की मेण केशाकर्षणाने त्याच सांध्यात शिरते ज्यात एरवी पाणी शिरले असते. भोके नंतर तारेने मोकळी करायला विसरू नये. हा लेप कायमचा नसतो. दर काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो.

ज्यांचा सांगाडा याही पलीकडे गेला आहे त्यांच्यासाठी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साचे वापरून एमजीबीचे नवे कोरे सांगाडे बनवते. कुजलेल्या गाडीत दोन-तीन हिवाळे घालवण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा ठरू शकतो, हे वेल्डिंगची हौस असणाऱ्यांना पटत नाही.

गाडी तयार झाल्यावर ती ठेवायची कशी, हा प्रश्न उरतो. टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत काम करणारे डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की हवेत गंधकाच्या डायऑक्साइडचा अंश असला तरी सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत लोखंड फारच हळू गंजते आणि त्या मर्यादेनंतर वेग एकदम वाढतो. पत्र्यावर मीठ राहिले असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. ओली गाडी बंद, उबदार गॅरेजमध्ये उभी करणे म्हणूनच वाईट, कारण उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो आणि ओल बाहेर जात नाही. प्लास्टिकची ताडपत्री त्याहून वाईट. हिवाळ्यात मीठ लागलेली गाडी आधी खालून गोड्या पाण्याने धुवावी, कोरड्या दिवशी थोडी चालवून वाळवावी, मगच आत घ्यावी, आणि गॅरेजमध्ये आर्द्रता शोषणारे यंत्र ५० ते ५५ टक्क्यांवर लावून ठेवावे.