वर्गीज प्रकरण आणि प्रेस कौन्सिल

1974 साली सिक्कीमच्या विलीनीकरणाच्या दिशेने पावले पडू लागली, तेव्हा ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक बी. जी. वर्गीज यांनी ‘कांचनगंगा, आम्ही आलो’ अशा उपरोधिक मथळ्याचा अग्रलेख लिहून या धोरणावर उघड टीका केली. तीन वर्षे (1966 ते 1969) इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार राहिलेल्या माणसाकडून ही टीका आली होती, हे विशेष. मालक के. के. बिर्ला यांनी त्यांना दूर करण्याचा निर्णय घेतला, त्याविरुद्धची तक्रार वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची राखण करणाऱ्या प्रेस कौन्सिलपुढे गेली आणि संपादकाचे स्वातंत्र्य मालकापुढे कितपत टिकते, हा प्रश्न प्रथमच एवढ्या ठळकपणे चव्हाट्यावर आला. त्याचा निकाल मात्र लागलाच नाही. आणीबाणीत, सप्टेंबर 1975 मध्ये, वर्गीज यांना पदावरून काढण्यात आले आणि वर्षअखेरीस सरकारने अध्यादेश काढून कौन्सिलच मोडीत काढली.

त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो विकासविषयक पत्रकारितेसाठी. हरियाणातील छतेरा हे एकच गाव निवडून तेथील शेती, कर्ज आणि शाळा यांविषयी त्यांच्या दैनिकाने वर्षानुवर्षे सदर चालवले होते. दिल्लीच्या दैनिकाने एखाद्या खेड्याचा इतका चिकाटीने पाठपुरावा करणे त्या काळी नवलाचेच होते. माझ्या मते, वर्गीज यांचा खरा पिंड अग्रलेखांपेक्षा या सदरात दिसतो.

जनता सरकारने 1977 मध्ये आकाशवाणी व दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. या गटाने ‘आकाश भारती’ या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. प्रत्यक्षात त्याहून सौम्य असा प्रसार भारती कायदा 1990 मध्ये झाला आणि तो लागू व्हायला 1997 उजाडले.

प्रेस कौन्सिल 1978 च्या कायद्याने पुन्हा अस्तित्वात आली होती. 1991 मध्ये काश्मीरमधील वार्तांकनाची पाहणी करण्यासाठी तिने पाठवलेल्या समितीचे नेतृत्व वर्गीज यांच्याकडेच होते. कुनान-पोशपोरा येथील सामूहिक बलात्कारांचे लष्करावरील आरोप निराधार असल्याचा निष्कर्ष या समितीने काढला. त्यावर मानवाधिकार संघटनांनी कडाडून टीका केली आणि तो वाद आजही शमलेला नाही. ज्या संस्थेकडून स्वतः न्यायाची अपेक्षा केली होती, तिच्याच वतीने दिलेला हा निवाडा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त पान ठरला.

2002 च्या गुजरात दंगलींनंतर एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेने पाठवलेल्या तिघांमध्ये पत्रकार आकार पटेल आणि पुण्यात वाढलेले दिलीप पाडगावकर यांच्यासह वर्गीज होते. या वेळी तपासणी लष्कराची नव्हती, वृत्तपत्रांचीच होती: काही गुजराती दैनिकांनी दंगलीच्या दिवसांत कोणते मथळे दिले आणि कोणती भाषा वापरली, याचा पंचनामा या अहवालाने केला.