पोतोसीची चांदी: पारा, मीठ आणि 'पाळी'

आजच्या बोलिव्हियात, सुमारे ४,००० मीटर उंचीवर पोतोसी हे शहर आहे. १५४५ मध्ये तिथल्या सेरो रिको डोंगरात चांदी सापडली. पुढची पंचवीसेक वर्षं ती गाळण्याचं कसब अँडीजमधल्या स्थानिक लोकांच्याच हातात होतं. स्पॅनिश लोकांनी भात्याच्या भट्ट्या लावून पाहिल्या, पण त्या चालल्या नाहीत. स्थानिकांची 'वायरा' मात्र चालत होती: चहूबाजूंनी भोकं पाडलेली मातीची छोटी भट्टी. ती डोंगराच्या उतारावर ठेवायची, आत शिसं असलेल्या खनिजाबरोबर चांदीचं खनिज भरायचं, लामा या प्राण्याची लीद आणि इचू गवत पेटवायचं आणि फुंकायचं काम वाऱ्यावर सोपवायचं. क्वेचुआ भाषेत वायरा म्हणजे वाराच. मराठी कानाला हे साम्य गंमतशीर वाटतं, इतकंच.

वायरेला श्रीमंत खनिज लागतं. १५७० च्या सुमारास ते संपत आलं आणि कमी चांदीच्या दगडांचे ढीग उरले. त्यातून चांदी काढण्याची रीत मेक्सिकोतल्या पाचूकात १५५४ मध्ये बार्तोलोमे दे मेदिना याने बसवली होती. ती १५७२ मध्ये पोतोसीत आली.

रीत अशी. पाणचक्कीवर चालणाऱ्या जड मुसळांनी खनिजाचं पीठ करायचं आणि चाळायचं. दगडी हौदात ५० स्पॅनिश क्विंटल, म्हणजे सुमारे २,३०० किलो पीठ घ्यायचं (हा क्विंटल ४६ किलोचा). पाणी आणि मीठ घालून चिखल करायचा, मग कापडातून पिळून पाऱ्याचे बारीक थेंब त्यावर सोडायचे. काही आठवडे तो चिखल मुरू द्यायचा आणि अधूनमधून तुडवायचा. तुडवणारे स्थानिक मजूर, अनवाणी पायांनी. पोतोसीच्या थंडीत रसायन मंद चाले म्हणून सुरुवातीला हौदाखाली जाळही घालत. शेवटी गाळ धुऊन पारा-चांदीचा लगदा कापडात पिळायचा आणि तापवून पारा उडवायचा. मागे उरते ती सच्छिद्र चांदी.

सगळी मेख मुरण्यात होती. मिठातला क्लोरीन आणि तांब्याचे क्षार यांच्यामुळे खनिजातली चांदी आधी सिल्व्हर क्लोराइड होते, मग पारा तिच्याकडून क्लोरीन ओढून घेतो आणि चांदी मोकळी होते. म्हणजे पारा नुसता चांदीला चिकटत नाही, तो खर्चही होतो. हिशेब केला तर एक किलो चांदीमागे जवळजवळ १.९ किलो पारा कॅलोमेल (पारा आणि क्लोरीन यांचं संयुग) बनून गाळाबरोबर वाहून जातो. लोखंड मिसळलं की ही नासाडी कमी होते. जाणकार कारागीर चिमूटभर चिखल धुऊन पाऱ्याचा रंग पाही. पारा काळपट पडला तर चुना घालायचा, रसायन रेंगाळलं तर भाजलेलं ताम्रखनिज.

इथेच सत्ता फिरली. वायरा कोणालाही मांडता येत असे. पाणचक्की, तलाव आणि पारा यांना भांडवल लागतं. चांदी गाळणं गिरणीमालकांच्या हाती गेलं आणि स्थानिकांकडून हवी होती ती फक्त अंगमेहनत: कमी चांदीच्या दगडाच्या राशी खणायला, वाहायला, तुडवायला. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७३ पासून त्यासाठी 'मीता' लावली. मीता म्हणजे पाळी. इंकांच्या राज्यातही ती होती, पण तोलेदोने तिची वेठ केली. वर्षाला सुमारे १३,५०० पुरुष, म्हणजे ठरलेल्या प्रांतांतल्या कामकरी पुरुषांचा सातवा हिस्सा. एक आठवडा काम, दोन आठवडे सुट्टी, त्यामुळे एका वेळी सुमारे ४,५००. पेरूतल्या कुझकोकडची माणसं बायकामुलं आणि लामांसह शेकडो किलोमीटर चालत येत. खाणीतल्या कामाची मजुरी दिवसाला साडेतीन रियाल (स्पॅनिश चांदीचं नाणं), आणि मेणबत्त्यासुद्धा अनेकदा स्वतःच विकत घ्यायच्या. कातड्याच्या पिळलेल्या दोरांच्या शिड्यांवरून, छातीशी बांधलेल्या घोंगडीत वीसपंचवीस किलो खनिज पाठीवर घेऊन माणसं वर चढत.

गावं मोडली ती मात्र हिशेबाने. मीता मूळ गावच्या रहिवाशावर होती, म्हणून लोक गाव सोडून परप्रांतात 'फोरास्तेरो', म्हणजे उपरे, म्हणून राहू लागले. गावाने पाठवायच्या माणसांचा आकडा मात्र सहजासहजी कमी होत नसे, त्यामुळे मागे राहिलेल्यांची पाळी लवकर लवकर येई. माणसं कमी पडली तर गावाने बदली मजुराचे पैसे भरायचे. कित्येक खाणमालक ते पैसे घेत आणि मजूर ठेवतच नसत. अशा मजुरांना स्पॅनिशमध्ये 'खिशातले इंडियन' असंच नाव पडलं होतं. मीता कायद्याने रद्द झाली ती १८१२ मध्ये.

ही चांदी सेव्हिल-लिस्बनमार्गे सुरतेलाही पोचली. तिथल्या टाकसाळीत स्पॅनिश रियाल वितळवून मोगली रुपये पाडले जात.

पारा येत असे पेरूतल्या वांकावेलिकाहून. तिथला हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, स्थानिक लोक शतकानुशतकं लाल रंगासाठी वापरत. १५६४ पासून स्पॅनिश लोकांनी तो भाजून पारा काढायला सुरुवात केली. खाणीतली धूळ फुफ्फुसं कोरून काढी, भट्टीची वाफ हातापायांना कंप आणी. भट्ट्यांभोवतीच्या मातीच्या विटांनी बांधलेली घरं तिथे आजही आहेत. त्या भिंतींत, जमिनींत आणि घरातल्या धुळीत संशोधकांना पारा सापडला आहे.