‘पवित्र आत्म्याचे दान’ आणि ‘कृपादाने’: घोळ आहे तो ‘चे’मध्ये

“तुला पवित्र आत्म्याचं दान मिळालं का?” असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वेगळाच प्रश्न असतो: “तू अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या भाषांत, बोलतोस का?” हे दोन्ही प्रश्न एकच समजून प्रवचनं होतात, साक्षी दिल्या जातात. मग नुकताच बाप्तिस्मा झालेला एखादा मुलगा महिनोन् महिने उपास करतो, जिभेवर काही येत नाही, आणि आपल्याला आत्माच मिळाला नाही असं समजून तो मंडळीत यायचा बंद होतो. अशी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

कृपादानं तुम्हाला माहीत आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय: ज्ञानाचं वचन, रोग बरे करणं, संदेश, भाषा, भाषांचा अर्थ सांगणं. मूळ ग्रीक शब्द खारिस्मा. खारिस म्हणजे कृपा, आणि त्या कृपेतून जे हाती येतं ते खारिस्मा. ‘कृपादान’ हा त्याचा उत्तम मराठी शब्द आहे. इथे कुणाचं अडत नाही.

अडतं ते प्रेषितांची कृत्ये २:३८ या वचनापाशी. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, येशूचा शिष्य पेत्र लोकांना सांगतो, पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, म्हणजे तुम्हाला पवित्र आत्म्याचं दान मिळेल. इथे खारिस्मा नाही, दोरेआ आहे. नव्या करारात हे नाम ११ वेळा येतं, प्रत्येक वेळी एकवचनी, आणि प्रत्येक वेळी देणारा देव किंवा ख्रिस्त असतो.

आता तो ‘चे’ नीट पाहा. ‘गाईचे दान’ म्हटलं की गाय दिली जाते. ‘कर्णाचे दान’ म्हटलं की कर्ण देतो. प्रत्यय तोच, पण एकीकडे दिली जाणारी वस्तू आहे आणि दुसरीकडे दाता. ग्रीक षष्ठीतही नेमकी हीच संदिग्धता असते. ‘पवित्र आत्म्याचे दान’ आपण कर्णाच्या दानासारखं वाचतो: आत्म्यानं दिलेलं काहीतरी, म्हणजे एखादी शक्ती, म्हणजे भाषा. वाचायला हवं गाईच्या दानासारखं: पवित्र आत्मा हेच दान.

हे मी माझ्या मनानं ठरवत नाही, प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूकच ते उलगडून सांगतो. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी (१०:४५) विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, लोकांवर ‘पवित्र आत्म्याचे दान’ ओतलं गेलं, आणि दोनच वचनांनंतर पेत्र त्याच घटनेबद्दल म्हणतो की ह्यांना आमच्यासारखाच पवित्र आत्मा मिळाला आहे. शोमरोनात शिमोन जादूगार आत्मा देण्याचा अधिकार विकत घ्यायला पैसे घेऊन येतो, तिथे तर दुसरा ‘चे’ सापडतो. तिथले लोक पवित्र आत्मा पावले असं लूक लिहितो आणि पेत्र त्या आत्म्यालाच ‘देवाचे दान’ म्हणतो. हा ‘चे’ कर्णाचा. देणारा देव, दिला जाणारा आत्मा.

पेत्राचं वचन कुणासाठी आहे तेही तिथेच आहे: तुमच्यासाठी, तुमच्या मुलाबाळांसाठी, दूर असलेल्या सर्वांसाठी. त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसांनी बाप्तिस्मा घेतला. ती भाषा बोलली असं लूक लिहीत नाही. उलट करिंथकरांच्या त्याच पत्रात कृपादानांविषयी पौल विचारतो, सगळेच भाषा बोलतात काय? ह्या प्रश्नाच्या सुरुवातीला ग्रीकमध्ये ‘मे’ हे अव्यय आहे, आणि ते ‘नाही’ हेच उत्तर अपेक्षितं. मी शिकवताना ते वचन असं म्हणतो: “सगळेच थोडेच भाषा बोलतात?”

यावर हमखास येणारा आक्षेप: कर्नेल्याच्या घरी लोक भाषा बोललेच की! बोलले. आणि लूक तिथे ‘कारण’ असा शब्द घालतो: पेत्राबरोबर आलेल्या यहूद्यांना आश्चर्य वाटलं, कारण त्यांनी ती माणसं भाषा बोलताना ऐकली. म्हणजे दान आल्याचं कळलं ते खुणेवरून. धुरावरून विस्तव कळतो, हे आपल्याकडच्या न्यायशास्त्रातलं, म्हणजे तर्कशास्त्रातलं, नेहमीचं उदाहरण. पण त्याच शास्त्रात तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचंही उदाहरण आहे. तिथे विस्तव असतो, धूर नसतो.

मराठी ‘दान’ या शब्दानं आणखी एक अडचण आणली आहे, आणि ती मला जास्त खुपते. आपल्याकडे दान सत्पात्री द्यायचं असतं, म्हणजे घेणारा लायक हवा. दोरेआमध्ये लायकीला जागाच नाही. त्याच शब्दाचं क्रियाविशेषण आहे दोरेआन, म्हणजे ‘फुकट’. मत्तय १०:८ मध्ये येशू सांगतो, फुकट मिळालं, फुकट द्या. योहान १५:२५ मध्ये त्याच शब्दाचा अर्थ होतो ‘विनाकारण’: त्यांनी विनाकारण माझा द्वेष केला. आणि गलतीकरांस पत्रात (२:२१) पौल म्हणतो, नियमशास्त्रानं नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्त फुकट मेला. मराठी ‘फुकट’ला हे सारे रंग आहेत. घेणाऱ्यात कसलंही कारण नसताना मिळतं ते दोरेआ. म्हणून “इतके दिवस उपास करा, मग आत्म्याचं दान मिळेल” ही शिकवण मला मुळीच मान्य नाही. उपास जरूर करावा, पण तो दानाची किंमत म्हणून नव्हे.

एक सावधगिरी. “दोरेआ म्हणजे आत्मा आणि खारिस्मा म्हणजे शक्ती” अशी जोडी पाठ करू नका. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी, जवळजवळ एकाच अर्थानं वापरतो, आणि ६:२३ मध्ये सार्वकालिक जीवनालाच खारिस्मा म्हणतो. फरक ठरतो तो वाक्यावरून. कोश उघडून शब्दाचा अर्थ वाचून दाखवायचा आणि वचन बाजूला ठेवायचं, ही व्यासपीठावरची सवय जायला हवी.

दोरोन आणि दोमा हे आणखी दोन शब्द आहेत. बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी, आणलेल्या भेटी दोरोन, आईबाप मुलांना देतात त्या चांगल्या देणग्या दोमा. त्यांच्यावरून सहसा वाद होत नाही.

आणि ‘करिश्मा’ हा शब्द खारिस्मावरून आला असं कृपा करून सांगू नका. तो फारसीतून आला आहे, साम्य फक्त कानाला वाटतं.